चिमीच्या वाटेचे सांधे

ही गोष्ट मी आजवर एकोणीस जणांना सांगितली आणि एकोणीसच्या एकोणीस जणांनी मला वेड्यात काढलं. विसावे तुम्ही. तुमचाही विश्वास बसणार नाही, हे मी आत्ताच लिहून देतो. खाली सही पाहिजे तर सही करतो, अंगठा पाहिजे तर अंगठा. पण पन्नास वर्षं मी फरश्या बसवल्यात आणि एवढ्या वर्षांत सांधे भरायला किती ग्राउट लागेल हा माझा अंदाज चमचाभरसुद्धा चुकलेला नाही. फक्त एकदाच चुकला. आणि चुकला तो नेमका तिथे, जिथे चुकून चालणार नव्हतं.

"निघाली गाडी डेपोतून," ड्रायव्हर म्हणाला.

ड्रायव्हर म्हणजे माझ्या बहिणीचा शेजारी. तीस वर्षं बस चालवली, आता निवृत्त झाल्यावर लोकांच्या बोलण्याला ब्रेक लावत बसतो. रविवारची दुपार होती. आम्ही चौघं बहिणीच्या पुढच्या खोलीत बसलो होतो: खिडकीपाशी बहीण, खुर्चीत ड्रायव्हर, जमिनीवर मी, आणि भिंतीला टेकून भाजी निवडत माझी बायको. बहिणीचं नाव काहीही असो, तिला सगळे चिमी म्हणतात. सत्तरी ओलांडली तरी चिमीच.

"ड्रायव्हर, एकदा मी एवढा मोठा हॉल केला होता," मी म्हटलं, "की या टोकाला उभं राहून त्या टोकाची आपली बायको बघितली तर ती दुसऱ्याची वाटावी."

"बरं वाटलं असेल तुम्हाला," बायको भाजीतून मान वर न करता म्हणाली.

"ऐक तर. दारात उभा राहिलो, एक डोळा मिटला आणि सांगितलं, सतरा पिशव्या आणि तीन मुठी. सतरा पिशव्या संपल्या, तीन मुठी घेतल्या, आणि शेवटची चिमूट शेवटच्या कोपऱ्यात गेली. बादली इतकी कोरडी, की तीत पाणी घेऊन तोंड धुतलं."

"मूठ तुमची की हत्तीची?" ड्रायव्हरने विचारलं.

असल्या माणसापुढे खरं बोलायचं म्हणजे दगडावर डोकं आपटायचं. पण गोष्ट चिमीची होती आणि चिमी समोर बसली होती, म्हणून सांगितली.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. चिमीने चाळीस वर्षं शिवणकाम केलं. सुईत दोरा ओवताना तिने कधी दोरा ओठात धरलेला मी पाहिला नाही. सुईच तोंड उघडून वाट बघायची. आणि त्याच डोळ्यांत धुकं आलं. तेही कडेला नाही, बरोबर मधोमध. कडेकडेचं दिसायचं, मधलं पुसलेलं. माणूस समोर आला तर कान दिसायचे, चेहरा नाही. "दादा, आता सगळं जग कानांवरून ओळखते," म्हणायची आणि हसायची. "तुझे कान बरे आहेत. चेहऱ्यापेक्षा बरे."

हसायची खरी, पण घरात एकटी. आणि घरातली फरशी पांढरीशुभ्र, आरशासारखी, दोन-दोन फुटांची. सांधे इतके बारीक, की त्यात केस शिरणार नाही. खिडकीतून ऊन आलं की सगळी जमीन म्हणजे एकच पांढरी चादर. कुठे भिंत संपते, कुठे दार सुरू होतं, तिला काही कळेना. एका सकाळी बाथरूमला जायला उठली, वाट चुकली, कपाटाच्या कोपऱ्यावर आपटली आणि पडली. दुपारी भाजीवालीने हाक मारेपर्यंत तशीच पडून होती.

ती फरशी कोणी बसवली होती? मी. सांधा दिसू नये म्हणून तीन दिवस गुडघ्यांवर बसून मी ती बसवली होती, आणि त्यानंतर वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत फिरलो होतो.

इथे ड्रायव्हरने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. माणूस वाईट नाही.

चिमीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, इंजिनियर आहे. दूरच्या शहरात दहाव्या मजल्यावर राहतो. मिळेल त्या गाडीने धावत आला. आईच्या कपाळावरचे टाके बघितले, बाहेर येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "मामा, ती इतके तास जमिनीवर पडली होती, आणि मी तिकडे मीटिंगमध्ये बसून कॉफी पीत होतो. आता नाही. मी तिला घेऊन जातो."

त्याचं काय चुकलं? काहीच नाही. पण चिमी अडून बसली. "दहाव्या मजल्यावर मी काय करू? ढग मोजू? तेही मधले दिसायचे नाहीत. इथे मला ड्रायव्हरच्या खोकल्यावरून वेळ कळते. भाजीवालीच्या चपलेवरून वार कळतो. तिकडे माझ्या ओळखीचा एक आवाज तरी आहे का?"

"आई, तू परत पडलीस तर?"

"तर परत उठेन."

शेवटी मायलेकात ठराव झाला. एक महिना. महिन्याने भाचा रविवारी सकाळी दहाला येणार. त्याच्यासमोर आईने खाटेवरून उठून बाथरूमपर्यंत जायचं, तिथून शेगडीपाशी, तिथून बाहेरच्या दारापर्यंत. भिंतीला हात लावायचा नाही, कुणी बोलायचं नाही. जमलं तर राहा. नाही जमलं तर बॅग भरलेली असेल. तिकिटं दोन, परतीचं एकही नाही.

भाचा गेला आणि चिमीने मला जवळ बोलावलं. "दादा, तू फरशीवाला ना? मग मला शिवण दे."

"कसली शिवण?"

"डोळे मिटून मी कापडावरून बोट फिरवलं ना, तर शिवण कुठे चालली आहे ते बोटाला कळतं. तशी पायाला शिवण लागू दे. तुझी ही फरशी म्हणजे बिनशिवणीचं कापड. यावर पाय हरवतो."

पन्नास वर्षांत मला कुणी असं कामाचं बोललं नव्हतं. गिऱ्हाइकं म्हणायची, मिस्त्री, सांधा दिसायला नको. ही म्हणाली, सांधा दिसू दे, आणि लागूही दे.

दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन आलो. माझीच चकचकीत फरशी मी माझ्या हाताने फोडली. घरभर नाही, खाटेपासून बाथरूम, बाथरूमपासून शेगडी, शेगडीपासून दार, दोन फूट रुंदीचा पट्टा, एकवीस फूट लांब. त्यात खरबरीत पांढरी फरशी बसवायची, आजूबाजूच्या पातळीत, ठेच लागणार नाही अशी. सांधे बोटभर रुंद, केसभर खोल आणि शाईसारखे निळे. पांढऱ्यावर निळं तिला डोळ्याच्या कडेने दिसायचं, आणि जे दिसणार नाही ते अंगठ्याला कळायचं.

पहिल्यांदा फूटभराच्या फरश्या नुसत्या मांडून बघितल्या. चिमी अनवाणी चालली आणि नाक मुरडलं. "फार लांब टाके घातलेस. एक पाऊल शिवणीवर, एक पाऊल हवेत. बारीक टीप घाल."

म्हणून एकेका फरशीचे मी नऊ-नऊ तुकडे केले. कटरच्या धुळीने मी इतका पांढरा झालो, की आमची ही दार उघडून म्हणाली, मिस्त्री घरी नाहीत, नंतर या.

"हे खरं आहे," बायको म्हणाली. "एवढंच."

आता मुद्दा ग्राउटचा. निळा रंग मिळायला तयार नाही. लोकांना हवा पांढरा, राखाडी, नाहीतर विटकरी. कंपनीने निळा बनवणंच बंद केलं होतं. आमच्या नेहमीच्या दुकानात एक पाच किलोची पिशवी पडून होती, धुळीत. दुकानदार म्हणाला, "मिस्त्री, एवढीच आहे. पुरेल का बघा. नाहीतर राखाडी घ्या, तो हवा तेवढा देतो."

मी पट्ट्याचं क्षेत्रफळ डोळ्यांपुढे आणलं. एक डोळा मिटला. "साडेतीन किलो. उरलेल्यात तुझं दुकान बांधून देतो."

त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन. चौकशी केली, फरशी केवढी, सांधा किती रुंद, जाडी किती. मी सांगितलं. पलीकडे टकटक ऐकू आली आणि तो म्हणाला, "मामा, दहा किलो लागेल. थोडं जास्तच."

"कोण म्हणतं?"

"हिशोब म्हणतो. फरशी लहान झाली की सांध्यांची लांबी वाढते. फूटभराची असती तर साडेतीनच लागलं असतं. तुम्ही तिचे नऊ केलेत. सांधे तिप्पट झाले."

"अरे, जागा वाढली का? जागा तेवढीच ना? तू जन्मायच्या आधीपासून मी सांधे भरतोय. मोबाईलला विचारून कुणी फरशी बसवत नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

चिमी खाटेवर बसून ऐकत होती. म्हणाली, "दादा, तो बरोबर बोलतोय. पलंगाएवढी चादर शिवायची तर चार बाजू दुमडल्या की झालं. तेवढ्याच पलंगाची गोधडी शिवायची तर रिळामागून रीळ संपतं. ठिगळं वाढली की दोरा वाढतो."

"तू तुझं मशीन बघ," मी म्हणालो.

काय सांगू? गेली वीस वर्षं मी फक्त मोठ्या फरश्या आणि बारीक सांधे केले होते. एका खोलीला एक पिशवी, हे डोक्यात असं बसलं होतं की जणू जन्मासोबत आलेलं. नवशिक्याने दोन वेळा मोजलं असतं. हुशार माणसाने एका हाताएवढ्या जागेतले सांधे कोरड्या वाळूने भरून, ती वाळू काढून तोलली असती, की झाला अंदाज. मी मोजलं नाही, तोललं नाही. मी डोळा मिटला.

गुरुवारी सकाळी कालवायला घेतलं. एकदा कालवलेलं ग्राउट अर्ध्या तासात घट्ट व्हायला लागतं, म्हणून थोडं थोडं. रबरी पट्टीने तिरकं दाबत भरायचं, ओल्या स्पंजने पुसायचं, बोटाने खोली बघायची. काय सांधे आले, काय सांधे आले! गावभरच्या मुंग्या रांग कशी धरायची ते शिकायला यायला लागल्या. एक मुंगी रांग सोडून चालली तर बाकीच्यांनी तिला परत पाठवली.

"तिकीट मागितलं असेल," ड्रायव्हर म्हणाला.

खाटेपासून बाथरूमचं दार झालं. तिथून वळणापर्यंत झालं. आणि बरोबर वळणावर, शेगडीची वाट सुरू होते तिथे, बादलीत पट्टी फिरवली तर नुसता खरखर आवाज आला. पिशवी झटकली. उलटी केली. आत बघितलं, मग बाहेरून बघितलं. अर्धी वाट झाली होती. अर्धी नुसत्या चरांची, जखमेसारखी उघडी.

चिमी म्हणाली, "दादा, पट्टी थांबली का रे?"

"पाणी पितोय," मी म्हणालो.

सायकल काढली आणि शहरातली सगळी दुकानं पालथी घातली. निळा म्हटलं की लोक मला रंगाच्या दुकानाचा पत्ता द्यायचे. शेवटी एक किलो राखाडी आणला, म्हटलं उरलेलं यात उरकू. वळणापुढे हातभर भरून, पुसून, वाळू दिला आणि चिमीला म्हटलं, ये चालून बघ. शुक्रवारी सकाळी ती आली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत एकेक सांधा चाचपत, मस्त, मान ताठ. वळली. आणि रंग बदलला तिथे थांबली. एक पाय हवेत.

"दादा, इथे पायरी आहे का?"

"नाही गं. सपाट आहे."

"मला खोल दिसतंय." तिचा हात आपोआप भिंतीकडे गेला. लावला नाही तिने. हवेतच राहिला तो. मग खाली आला. "असू दे," ती म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नकोस. तिकडेही लोक असतील. त्यांनाही कान असतील."

मी तो राखाडी खरवडून काढला. बादली पालथी घालून तीवर बसलो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा हात स्वच्छ असून काही करता येत नव्हतं. तिची बॅग समोर दिसत होती; भरून ठेवली होती तिनेच. सगळ्यात वर कात्री. दिसत नाही, शिवत नाही, पण कात्री बरोबर.

आणि मग रविवार उजाडला.

भाचा दहाला पाच कमी असताना आला. मला नमस्कार केला आणि खाली बघितलं. चिमी खाटेवर बसली होती. अनवाणी. त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "आई, घाई नाही हं. हवा तेवढा वेळ घे."

ती उठली. पहिलं पाऊल, अंगठा सांध्यात, दुसरं पाऊल. ओठ हलत होते. टाके मोजत होती. बाथरूमच्या दाराशी थांबली, पायानेच उंबरा शोधला, फिरली. मग वळण. मी खिडकीचा गज इतका घट्ट धरला होता, की त्याचा पीळ सरळ झाला. अजून सरळ आहे, बघून या. वळणावर तिने उजवा पाय आडवा फिरवला, एकदा, दोनदा. भाचा पुढे झाला, मी त्याचा शर्ट धरला. तिला शिवण लागली. ती वळली आणि शेगडीपाशी जाऊन उभी राहिली. ठरावात नव्हतं, पण तिने शेगडीवरचं भांडं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं, जणू रोजचंच काम आहे आणि आमचीच उगाच कटकट. मग दाराकडे. शेवटची सहा पावलं तर ती भराभरा चालली. कडी काढली, दार उघडलं आणि बाहेरच्या उन्हात तोंड करून लेकाला म्हणाली, "चल, नीघ आता. तुझी गाडी चुकेल."

तो निघाला नाही. तिथेच जमिनीवर बसला आणि एकेका सांध्यावरून बोट फिरवायला लागला. वळणाच्या अलीकडे, वळणाच्या पलीकडे. रडत होता का म्हणाल तर, इंजिनियर होता, हिशोबात रडत होता. मग म्हणाला, "मामा, किती लागलं शेवटी?"

"दहा," मी म्हणालो. "थोडं जास्तच."

गोष्ट संपली. मी गुडघ्यावर हात आपटले आणि चहाचा कप उचलला. चिमी खिडकीपाशी हसत होती. पण ड्रायव्हर खुर्चीतून पुढे सरकला.

"मिस्त्री, एक मिनिट. स्टॉप चुकवलात. पाच किलोची पिशवी होती, ती संपली. शहरात कुठे मिळाला नाही. मग बाकीचे पाच किलो काय आभाळातून पडले?"

"ते होय," मी म्हणालो. "ते सांगायचं राहिलं."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"दुकानदार हो! माणसाची पारख आपल्याला नसते. आपण म्हणतो हा खिळे मोजून देतो, सुटे पैसे देताना रडतो. पण त्याला कुठून तरी कळलं की चिमी जाणार. शुक्रवारी दुकान बंद केलं, डोक्यावर पाच किलोची निळी पिशवी घेतली, कंपनीच्या गोदामाचं कुलूप फोडून आणलेली म्हणे, आणि पायी चालत, घामाघूम, इथे दारात येऊन उभा. म्हणाला, मिस्त्री, माझ्या बहिणीसारखी आहे ती. पैसे नकोत. डोळ्यांत पाणी त्याच्या!"

"त्या माणसाच्या?" ड्रायव्हर म्हणाला.

"त्या माणसाच्या."

चिमीने खिडकीकडून मान वळवली. "आठ वर्षांत मी त्याचे आभार मानले नाहीत दादा. बोलाव ना त्याला एकदा. मी त्याच्यासाठी काहीतरी करीन. शर्ट शिवता येत नाही आता, पण जेवायला तर घालीन. वहिनी, तुम्हीही या. देवमाणूस म्हणायचा."

"येतील की," मी म्हणालो. "असं मन सगळ्यांना कुठे असतं! नात्यातली माणसं..."

भाजीचं ताट दणकन जमिनीवर आदळलं.

"खोटं! साफ खोटं!" बायको उठून उभीच राहिली. "कसला देवमाणूस? त्या मेल्याने त्या दिवशी राखाडीच्या पिशवीची सुतळीसुद्धा परत मागितली होती! ती निळी पिशवी माझी होती, माझी! माझ्या ओट्यामागच्या फरशीसाठी वर्षभर खाटेखाली जपून ठेवलेली, तुम्हाला सवड झाली की भराल म्हणून! तुम्ही तिथे बादलीवर बसला होतात आणि तुमच्या तोंडून मागवत नव्हतं, ते मला कळत नव्हतं होय? सायकलला बांधून मी आणली ती, आणि वन्संना कळता कामा नये म्हणून तुमच्याकडून शपथ घेतली, कारण आमचं वर्षानुवर्षांचं भांडण मग मी चालवायचं कसं! आठ वर्षं माझ्या ओट्याचे सांधे उघडे आहेत, आणि हे चालले त्या सुतळीवाल्याला जेवायला घालायला!"